देवस्थळींची लाँच

सूर्यकांत देवस्थळी अठरा वर्षं दुबईत इलेक्ट्रिकल इंजिनियर होते आणि या अठरा वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातानं एक वायरसुद्धा सोलली नव्हती. यात त्यांचा काही दोष नाही. साइटवर वायर सोलायला माणसं असतात. इंजिनियरनं ड्रॉइंग बघायचं, मान हलवायची आणि सही करायची. देवस्थळी या तिन्ही गोष्टी झकास करत.

त्यांचा शेवटचा टॉवर एकेचाळीस मजल्यांचा होता. चार वर्षं ते त्याच्यामागे होते. २००८ सरता सरता बाजार झोपला, जानेवारीत क्रेन थांबल्या आणि मार्चमध्ये देवस्थळींच्या हातात पत्र पडलं. भिंतीभिंतींतून मैलोन्मैल तारा गेल्या होत्या, त्यांतून वीज मात्र एक दिवसही वाहिली नाही. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त त्यांना हे खात होतं. चार वर्षं राबून एक दिवा लागलेला पाहिला नाही, हे ते ज्याला त्याला सांगत आणि ऐकणारे आपापल्या काळजीत असत.

पत्नी अनुपमा शारजातल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवायच्या. नोकरीबरोबर देवस्थळींचा व्हिसाही गेला होता, म्हणून त्यांनी नवऱ्याला आपल्या व्हिसावर घेतलं, दुबईतला अल मनखूलचा फ्लॅट सोडला आणि मुलगी शुभ्राला घेऊन तिघं स्वस्त भाड्याच्या अजमानला आले. त्या वर्षी एका घरच्या गणपतीला शैलेंद्र नावाच्या जुन्या सहकाऱ्यानं भर पंगतीत विचारलं, "काय देवस्थळी, हल्ली वहिनींच्या व्हिसावर का? चैन आहे बुवा!" सगळे हसले, देवस्थळीही हसले. मग आठवडाभर ते घराबाहेर पडले नाहीत.

बाहेर पडले ते थेट खाडीकडे. तिथं लाकडी बोटी दुरुस्त करायचं एक यार्ड होतं. हर्णैचे हनीफ मिस्त्री गेली बावीस वर्षं तिथं सुतारकाम करत होते. यार्डाच्या कोपऱ्यात टेकूंवर एक बत्तीस फुटी लाँच उभी होती. मंदीत मालक देश सोडून गेला आणि ती वर्षभर उन्हात वाळत पडली होती. दिवे नाहीत, वायरी कोणीतरी उपटून नेलेल्या, केबिनमध्ये कबुतरं.

"हिचं काय होणार?" देवस्थळींनी विचारलं.

"अरबाबला जागा खाली पायजे," हनीफ म्हणाले. अरबाब म्हणजे यार्डाचा मालक. "बोललाय, एकतीस मार्चपर्यंत कोण स्वतःच्या इंजिनावर, दिव्याबत्तीसकट पाण्यात चालती करेल, सर्व्हे पास करून दाखवेल, त्याची. नायतर खलास, तोडून जळण."

"लाकूड तुम्ही बघाल?"

"लाकडाचं काय नाय साहेब. इंजिनपण चालतं. विजेचा माणूस मिळत नाय."

देवस्थळींनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की विजेचा माणूस मिळाला.

घरी ही बातमी फारशी गोड लागली नाही. शुभ्रा म्हणाली, "बाबा, सीरियसली? यू डोन्ट इव्हन चेंज द बल्ब." अनुपमाबाई वह्या तपासत होत्या. त्यांनी लाल पेन बंद केलं आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. सहा महिन्यांत देवस्थळींचा आवाज पहिल्यांदाच असा खणखणीत आला होता. "करा," त्या म्हणाल्या, "पण अहो, अर्धवट सोडायचं नाही."

ऑक्टोबरपासून देवस्थळी रोज सकाळी डबा घेऊन यार्डात जाऊ लागले. पहिल्या आठवड्यात बोटं कापली, दुसऱ्यात अंगठा ठेचला, तिसऱ्यात हात बसला. काम मात्र अस्सल इंजिनियरचं. भिंतीला लावतात तसा पाइप, काटकोनात वळणं, फुटाफुटाला क्लिप, आणि वायर अशी ताणलेली की टिचकी मारली तर वाजावी. दर फळीला त्यांनी पाणसळ लावली. ती बुडबुड्याची पट्टी त्यांच्या खिशात कायम असे. स्वयंपाकाचा ओटा, बॅटरीचं कपाट, स्विचबोर्ड, सगळं केसभरही तिरकं नाही.

हनीफ येता-जाता बघत. एकदा म्हणाले, "साहेब, तारेला जरा ढील ठेवा. भोकंपण मोठी मारा."

"हनीफभाई, मी तुम्हाला रंधा शिकवतो का?" देवस्थळी म्हणाले. "वायरिंग माझ्यावर सोडा."

हनीफनी सोडलं.

आठ मार्चला क्रेननं लाँच पाण्यात उतरवली. अनुपमाबाईंनी नारळ फोडला, हनीफनी मनातल्या मनात दुवा केली आणि सगळ्यांनी चहा घेतला. अनुपमाबाईंनी आपला ग्लास नव्या ओट्यावर ठेवला. तो शांतपणे घसरत गेला आणि देवस्थळींच्या पँटवर पालथा झाला. टेकूंवर लाँचचं नाक वर होतं. पाण्यात ती आपल्या मूळ बैठकीवर आली आणि पाणसळीनं लावलेलं एकूण एक सामान तिरकं झालं. अनुपमाबाई पोट धरून हसल्या. देवस्थळीही हसले, कारण दिवे लागत होते.

तिसऱ्या दिवशी ते लागेनात. दीड वर्ष वाळलेलं लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं. फळी फळीला रेटत होती, भोकं आवळली होती, आणि ताठ बांधलेल्या तारांना सरकायला जागाच नव्हती. काही टर्मिनलमधून उपटून निघाल्या, काही पाइपातच तुटल्या. इंजिन चालू केलं तर त्या हादऱ्यानं उरलेल्याही गेल्या. देवस्थळींनी घराला वापरतात तीच, एका जाड तांब्याच्या तारेची वायर घातली होती; ती भिंतीत जन्मभर टिकते, कारण भिंत हलत नाही.

देवस्थळी केबिनमध्ये मटकन खाली बसले. पाच महिन्यांचं काम पाण्यात गेलं होतं आणि हातात वीस दिवस होते. मग ते म्हणाले, "हनीफभाई, मी अडाण्यासारखा वागलो. ढील किती ठेवायची ते सांगा."

"चला, उठा," हनीफ म्हणाले. "यल्ला. पैलं सगळं काढायचं."

दोन दिवस ते नुसतं काढत होते. मग बारीक तारांची, कलई केलेली बोटीची वायर आणली. "चारशे दिरहम रोल! म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये," अनुपमाबाई म्हणाल्या आणि आपणच पैसे काढून दिले. वार्षिक परीक्षा संपल्यामुळे दुपारनंतर त्याही येऊ लागल्या. एकानं तार सारायची, दुसऱ्यानं ओढून घ्यायची, हे दोन माणसांचं काम असतं. देवस्थळी पोटावर आडवे होऊन पुढून ढकलत आणि मागून अनुपमाबाईंचा आवाज येई, "आली आली, थांबा, अहो, थांबा म्हटलं ना!" कॉलेजातल्या मुलांसारखे ते भांडत होते आणि दोघांनाही ते आवडत होतं. तार प्रत्येक वळणावर सैल सोडलेली, झोळीसारखी लोंबती. देवस्थळींच्या डोळ्यांना ते गबाळं दिसे. दात-ओठ खाऊन ते गबाळं काम नेटानं करत राहिले.

तीस मार्चला बोट तपासायला सर्व्हेअर आला. केरळचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं तारा हलवून बघितल्या, इंजिन चालवून बघितलं, दिवे मोजले आणि म्हणाला, "ठीक है. पास." मग त्यानं फॉर्म पुढे केला. त्यात सह्यांच्या दोन जागा होत्या, एक काम करणाऱ्याची आणि एक काम तपासणाऱ्याची. देवस्थळींनी जन्मभर दुसऱ्या जागी सही केली होती. आज त्यांनी पहिल्या जागी केली.

"दूसरा आदमी चाहिए," सर्व्हेअर म्हणाला. "दोनों साइन एक का नहीं चलेगा."

देवस्थळींनी पेन हनीफना दिलं. हनीफनी ते कानावर खोचलं आणि गुडघ्यांवर रांगत ते आत शिरले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. सर्व्हेअर घड्याळ बघू लागला. "हनीफभाई, सही करा ना, पास झालंय," देवस्थळींनी हाक मारली.

"बघितल्याशिवाय?" आतून आवाज आला.

देवस्थळींचे कान गरम झाले. दिवसाला शंभर कागद त्यांनी असेच उडवले होते, एसीत बसून, चहाच्या घोटाबरोबर. त्या सह्यांची त्यांना आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

हनीफ धुळीनं माखून बाहेर आले. "मागल्या दिव्याची तार ताणलीय."

"भाई, मैंने पास कर दिया है," सर्व्हेअर वैतागला.

"तुम्ही पास केलंत, पण पाण्यात आम्ही जाणार," हनीफ म्हणाले. त्यांनी पेन काही कानावरून काढलं नाही.

सर्व्हेअर निघून गेला असता तर लाँच गेलीच होती. अनुपमाबाईंनी घाईघाईनं थर्मास उघडून त्याच्या हातात चहा दिला, वर दोन बेसनाचे लाडू. देवस्थळी कटर घेऊन आत गेले. त्यांनी ती तार कापली, हातभर जास्त लांबीची नवी घेतली, टोकं सोलली, दाबून बसवली आणि झोळ सोडला. वीस मिनिटं लागली. हनीफ पुन्हा आत गेले, तार ओढून पाहिली, बाहेर येऊन चड्डीला हात पुसले आणि फॉर्मवर सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

"आता लावा," ते म्हणाले.

देवस्थळींनी स्विच दाबला. भर दुपारचं ऊन होतं, दिवा लागला की नाही ते कोणालाच कळेना. अनुपमाबाई वाकल्या, त्यांनी दोन्ही तळव्यांची दिव्यावर सावली धरली आणि आत डोकावून पाहिलं.

"लागलाय," त्या म्हणाल्या. "अहो, या ना, बघा."

देवस्थळी त्यांच्या शेजारी वाकले, त्या ओंजळीत बघत राहिले आणि चारचौघांत, सर्व्हेअरच्या देखत, ढसाढसा रडले.