चौथं नाव

हे मी बायकोपाशीसुद्धा बोललो नाही, आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपत नसे. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. मलाच धड माहीत नाही.

मी गावचा पोलीस पाटील होतो. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. साहेब नवे, शिक्के नवे, पाऊस मात्र बेपत्ता. गावात एकच हापसा पाणी देत होता आणि तो चालता ठेवायचा कासीमभाई. अहमदपूरहून वायसर आणायचा, पाइप उपसायचा, बसवायचा, हात पुसून घरी जायचा. पाच वेळचा नमाजी. पण भांडणाच्या वाटेला कधी गेला नाही.

त्या उन्हाळ्यात बाहेरून भाषणं करणारे आले — दोन्हीकडचे. घागरभर पाण्यासाठी हातघाईवर आलेलं गाव. त्याला चिडायला किती वेळ लागतो? मिरवणूक मशिदीसमोर अडली, वाजंत्री वाढली, दगड आले. सात-आठ डोकी फुटली. दुसऱ्या दिवशी फौजदारसाहेबांनी मला ठाण्यात बोलावून गावातल्या कडव्या लोकांची यादी मागितली.

"दोन्हीकडची चार-चार द्या," ते म्हणाले. "एका बाजूची जास्त दिसली की वर बोंब होते."

आता — इथंच माझी जीभ अडखळते. आमच्यातले भडकलेले पाच होते. पाचवा माझा सख्खा पुतण्या. त्याला गाळला की चार बरोबर. त्यांच्यातले मात्र तीनच. 'साहेब, चौथा नाही' — एवढं बोलायला काय लागत होतं? पण मग साहेब चौकशीला स्वतः गावात आले असते आणि पुतण्या सापडला असता. मी कासीमचं नाव लिहिलं. कासीमचंच का? तो कुणाला उलट विचारणार नाही, म्हणून. हे मला लिहितानाच ठाऊक होतं.

त्याला अकरा दिवस आत ठेवलं. तेवढ्यात हापसा बिघडला आणि बायका दोन कोसांवरून पाणी वाहू लागल्या. पुढं दर सणाच्या आधी जीप यायची, त्याला ठाण्यात नेऊन बसवायची. कागदावर चढलेलं नाव आपोआप उतरत नाही — उतरवायचं कुणी? यादी दरवर्षी माझ्याकडेच यायची आणि मी तीच नावं पुन्हा लिहून खाली सही करायचो. वर आणखी ऐका. त्याचा डबाही ठाण्यात मीच न्यायचो. गाव म्हणायचं, पाटील देवमाणूस. मला ते ऐकायला बरं वाटायचं.

एकदा डबा उघडता उघडता तो म्हणाला, "पाटील, माजं नाव कुनी दिलं आसंल वो? तुमी साहेबाला इचारून बगा की."

"इचारतो, कासीमभाई," मी म्हणालो. तो निवांत जेवला. मी त्याला पाणी ओतून दिलं.

त्याचा धाकटा भाऊ सलीम आमच्या पोरांत कबड्डी खेळायचा, हसरा गडी होता. भावाला जीपमध्ये चढताना बघून बघून तो गप्प होत गेला. कबड्डी सुटली, मग रामराम सुटला. नांदेडला काम शोधायला म्हणून जायचा, परत यायचा तो त्या भाषणं करणाऱ्यांसारखंच बोलत. घरी अनोळखी माणसं बसू लागली. लोक म्हणाले, बघा, पाटलाला माणसं कळतात, घरच तसलं. मी काय केलं? मान हलवली.

कासीम वारला. त्याच्या मयताला खांदा द्यायला मी होतो. त्या वर्षी यादी आली, सोबत निरोप — तिकडचं एक नाव कमी पडतंय. मी सलीमचं लिहिलं. त्या वेळी मी खोटं लिहिलं नाही. तोवर ते खरं झालं होतं, आणि ते मी केलं होतं.