पेतांगचा पहिला नकार

दुमागेतेच्या मंडईत पेतांगचा गाळा पहाटे चारला उघडतो. केळीच्या पानावर वाफाळता चिकट भात, वर साखर, सोबत कपभर दाट कोको आणि हंगाम असेल तर आंब्याची फोड. सव्वीस वर्षं यात बदल नाही, आणि पेतांगच्या नजरेतही नाही. नारळवाला आला की ती एकेक नारळ कानाशी धरून हलवते, नाणं उजेडात उलटसुलट करून बघते. पाद्रीबाबा सकाळच्या पारी येऊन "देव तुझं भलं करो" म्हणाले, तर ही मनात म्हणते, आज कोको फुकट पाहिजे वाटतं.

तिला फार दोष देऊ नये. नवरा दोन आठवड्यांसाठी म्हणून मनिलाला गेला, त्याला यंदा सत्तावीस वर्षं झाली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. पेतांग पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली. त्यामुळे तिला ओळखी ढीगभर होत्या आणि मैत्रीण एकही नव्हती.

रविवारी प्रार्थना आटोपली की तिच्या बाकावर तिघीजणी येऊन बसत. ओसांग, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीणबाई, वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांची मानांग, म्हणजे थोरली ताई. फिनिंग, केस कापण्याचं दुकान चालवणारी, तोंडाला फाटक नसलेली. आणि तासिंग, जी बोलायची कमी आणि खायची जास्त. पूर्वी चौथी मिलाग होती. ती नातवंडं सांभाळायला कॅनडाला गेली. या बायका अकरा वर्षं कुठल्या ना कुठल्या बेटावर जायचं ठरवत होत्या, आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एकदा वादळ, एकदा बारसं, एकदा तासिंगची दाढ. यंदा मात्र ओसांगने टेबलावर हात आपटला होता. सिकिहोर! समोर तर दिसतं, साध्या बोटीने जायचं, जेवण घरून न्यायचं, फिनिंगच्या मावसबहिणीच्या खोलीत चटया टाकून झोपायचं.

दिसतं हे खरंच होतं. सकाळचं गिऱ्हाईक ओसरलं की पेतांग भांडी धुवायच्या निमित्ताने मागच्या दाराशी जायची आणि समुद्रापलीकडचे ते निळसर डोंगर बघत उभी राहायची. जन्म इथे गेला, पण तिकडे पाय लागला नव्हता. एकटीने कशाला जायचं? आणि कोणाबरोबर जायचं? हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक फायदा घेतात.

तर फेब्रुवारीतल्या एका रविवारी ओसांग कोको पिता पिता म्हणाली, "पेतांग, तू पण चल की आमच्याबरोबर."

पेतांगचा डाव भांड्यातच थांबला. "मी? कशाला?"

"कशाला म्हणजे? फिरायला."

"बघते," पेतांग म्हणाली. इथे कोणी पहिल्या बोलावण्याला हो म्हणत नाही. साधं जेवायला बोलावलं तरी पहिल्यांदा "आत्ताच खाल्लं" म्हणायचं, दुसऱ्यांदा पोटावर हात फिरवायचा आणि तिसऱ्यांदा बसायचं. ओसांगने रीतीप्रमाणे पुढच्या दोन रविवारी विचारलं, तेव्हा पेतांग हो म्हणाली. पण डोक्यात किडा वळवळतच राहिला. अकरा वर्षं नाही विचारलं, मग आत्ताच का? पाणी कुठेतरी मुरतंय.

तरी ती ठरवाठरवीत बसू लागली, आणि बघता बघता तिच्यावाचून पान हलेना. बोटीचा दलाल म्हणाला, "बेटावरचं जीपभाडं साधारण इतकं होईल," तर पेतांगने त्याला धरलं. "साधारण म्हणजे? डिझेल कोणाचं? जेवायला थांबलो तर त्याचे वेगळे का?" दलाल परत यायचाच बंद झाला. मग ती तिघींना म्हणाली, "एक ध्यानात ठेवा. नाही म्हटल्यावर जो दुसऱ्यांदा विचारतो, तो काहीतरी विकत असतो."

"आणि तिथे कोणी खांद्यावर हात ठेवला की?" फिनिंगने डोळे मोठे केले. सिकिहोरच्या चेटकाच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या.

"लगेच आपणही त्याच्या खांद्यावर ठेवायचा, म्हणजे चेटूक फिटतं. तासिंग, तू खाण्यात असशील, तुझ्याकडे मी बघीन."

तिघी खदाखदा हसल्या. आपल्या बोलण्यावर कोणी हसतंय हे पेतांगला नवीन होतं. तिने रबरी चपलांचा नवा जोड आणला. शिरक्यात शिजवलेल्या मांसाचा आंबट अडोबो दोन दिवस टिकतो म्हणून तोच न्यायचा हेही तिनेच ठरवलं. आपण रविवारची वाट बघायला लागलोय हे तिला कळलं, तेव्हा ती स्वतःवरच चिडली.

मे उजाडला. जायच्या आठवडाभर आधी ती फिनिंगच्या दुकानात केस कापायला बसली. आरशाच्या कडेला चौघींचे जुने फोटो खोचलेले होते, मिलाग धरून. फिनिंगची कात्री चालू, तोंड त्याहून जोरात चालू.

"बरं झालं बाई तू येतेयस. आम्ही तिघीच गेलो असतो तर फोटो कसे काढायचे? तिघींचा फोटो काढला की मधली आधी जाते!" फिनिंगने घाईघाईने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली. "माझ्या आत्याचं तसंच झालं. म्हणून ओसांग म्हणाली, चौथी हवीच. मग म्हटलं, पेतांगला विचारू."

आरशातली पेतांग पांढरीफटक पडली. मुरणारं पाणी ते हे होतं तर. मैत्रीण नको होती, फोटोत भर हवी होती! संताप कितीही आला तरी अर्धे कापलेले केस घेऊन कोणी उठत नाही. ती शेवटपर्यंत बसली, पैसे ठेवले आणि निघाली. रस्त्यात मात्र तिला रडू आलं. तिला वाटलं होतं, या वयात का होईना, आपण कोणाला तरी आवडलो.

रविवारी तिघी आल्या. पेतांगने कप ठेवले आणि म्हणाली, "मी काही येत नाही. गाळा कोण बघणार?"

ती थांबली. आता दुसऱ्यांदा विचारतील. मग ती फोटोचं काढणार होती, चांगलं झाडणार होती. त्यावर त्या काय म्हणतील ते ऐकायचं होतं, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा विचारल्यावर कदाचित...

ओसांगने फिनिंगकडे बघितलं, फिनिंगने तासिंगकडे.

"बरं," ओसांग हळूच म्हणाली. "तुझी मर्जी."

जरा वेळाने तासिंग पुटपुटली, "मग अंडी सहाच उकडू ना?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पेतांगला भांडी आपटायची होती, पण ती तिचीच होती. म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला त्यांचा! दुसरी कोणीतरी हेरून ठेवली असणार. आठवडाभर ती चौथीच्या मागावर राहिली. सुक्या मासळीवालीने नवी टोपी घेतली, तिच्यावर दोन दिवस नजर ठेवली. ओसांगच्या भाचीला आडून आडून विचारलं, "समुद्र लागतो का गं तुला?" ती बिचारी म्हणाली, लागतो, फार.

शनिवारी, निघायच्या दिवशी, पेतांगने आठलाच गाळा बंद केला. चौथी कोण एवढंच बघायचं आणि परत यायचं, असं तिने ठरवलं. त्यासाठी नव्या चपला आणि कपड्यांची पिशवी कशाला लागते, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

धक्क्यावरच्या छपराखाली तिघी बसल्या होत्या, पायाशी अडोबोचा डबा. पेतांगने आजूबाजूला बघितलं. पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या बाईकडे बघितलं. थेट समोर जाऊन तिने विचारलं, "चौथी कुठाय?"

"कोण चौथी?" ओसांगने विचारलं.

"तुमची! फोटोतली! मला फिनिंगने सगळं सांगितलंय."

फिनिंगने तोंडावर हात ठेवला. ओसांग मात्र जागची हलली नाही. "चौथी नाही म्हणाली," ती म्हणाली.

"मग दुसरी नाही मिळाली?"

"दुसरी शोधली कोणी? पहिल्यांदा फोटोसाठीच विचारलं तुला, खोटं कशाला बोलू? पण तीन महिने तुझ्याबरोबर बसलो आम्ही. आता दुसरी कोणी आणायची म्हणजे... तासिंग म्हणाली, नकोत ते फोटो. फोन घरीच ठेवलाय तिने."

तासिंगने मान हलवली.

"मग मला परत विचारलं का नाहीत?" पेतांगचा आवाज चिरकला. "एकदा तरी! शेजारची कुत्री जेवायला आली तरी लोक दोनदा विचारतात!"

"तूच म्हणालीस ना, दुसऱ्यांदा विचारतो तो काहीतरी विकत असतो?"

"ते मी दलालाबद्दल म्हटलं होतं, मानांग ओसांग!"

"आम्हाला काय ठाऊक? विचारलं असतं तर म्हणाली असतीस, बघा, फोटोला बाई हवी म्हणून मागे लागल्यात. तू नाही म्हणालीस. आम्ही खरं मानलं."

पेतांग तशीच उभी राहिली. तिने उभ्या आयुष्यात कोणाचा शब्द तपासल्याशिवाय घेतला नव्हता, आणि या तिघींनी तिचा घेतला होता. जो नेमका खोटा होता तोच. तिला लाज वाटली, आणि लाजेखालून काहीतरी फार बरंही वाटलं.

बोटीचा भोंगा वाजला. तिघी उठल्या, डबा उचलला. ओसांग तिच्याकडे बघत राहिली, पण आताही तिने विचारलं नाही.

"मला यायचंय," पेतांग म्हणाली. भोंग्यात ते बुडालं. मग ती ओरडली, "मला यायचंय!" इतक्या जोरात की दोन हमाल वळून बघायला लागले.

"मग पळ की!" ओसांग म्हणाली. "तिकीट ज्याचं त्याने काढायचं, ठरलंय तसं."

पेतांगने पिशवी तासिंगकडे फेकली आणि ती खिडकीकडे धावली. आतल्या माणसाने भाडं सांगितलं. तिने कमरेला हात लावला, दुसऱ्या बाजूला लावला, आणि मागे वळून सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"तासिंग! पिशवीत हात घाल, तळाशी पाकीट आहे! लागतील तेवढे काढ आणि घेऊन ये!"