आप्पांची शेवटची तगमग

माझे वडील, आप्पा, टेलर होते. चामराजपुरममधल्या घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. विसरण्याचा आजार जडला तेव्हा आधी मापं गेली, मग गिऱ्हाइकं, शेवटी मीही. तरी माणूस शांत. खिडकीपाशी बसवलं की रस्ता बघत राहायचे.

म्हणून त्या आठवड्यात मी गांगरले. आप्पा पडून राहीनात. चादर चिमटीत धरून ओढायचे, सदरा काढू बघायचे, पाय खाली टाकून उठायला धडपडायचे. मी धरायला गेले की माझा हात झिडकारून ओरडायचे, "बेडा! मनेगे होगोण!" नको, घरी जाऊ या. जन्मभर घरात मराठी बोललेल्या माणसाच्या तोंडी आता एवढं कन्नडच उरलं होतं.

"आप्पा, घरातच आहात की," मी परत परत सांगायची. त्यानं ते आणखीच चिडायचे.

धाकटा भाऊ नंजनगूडच्या कारखान्यात रजा टाकून आला. चादरीवरची बोटं बघत म्हणाला, "अक्का, शिवतायत बघ. कॉलर दुमडतायत." मला ते पटलं, बरंही वाटलं. आम्ही त्यांच्या हातात कापडाचा तुकडा दिला. त्यांनी तो भिरकावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. लघवी तुंबली आहे का, ताप आहे का, कुठे दुखतंय का, सगळं नीट तपासलं. खाणं कधी सुटलं, श्वास मधेच थांबतो का, तेही विचारलं. मग पांघरूण सारून मला म्हणाल्या, "हात लावा." पाय गार पडले होते. गुडघ्यांवर निळसर डाग होते.

"ते शिवतायत ना हो?" भावानं विचारलं.

"शिंपी नसलेली माणसंही शेवटी असंच करतात," त्या हळूच म्हणाल्या. "नुसतं विसरणं वाढलेलं नाही हे. ते आता निघालेत."

भाऊ उठून अंगणात गेला.

बाईंनी तगमग कमी व्हायचं औषध दिलं. टीव्ही बंद करा, माणसांची ये-जा थांबवा, धरून ठेवू नका, असं सांगून गेल्या. मी आप्पांच्या तळव्याखाली नुसता माझा हात ठेवला. ते "होगोण" म्हणाले, तेव्हा मी पहिल्यांदाच "हो, जाऊ या" म्हटलं. दुपारपर्यंत बोटं सैलावली.

नंतर दोनच दिवस ते होते. गेले तेव्हा भाऊ ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसत होता. पुसता पुसता त्याला कळलं, आणि तरी तो थोडा वेळ पुसतच राहिला.