मांडीवरच्या गिटारसाठी शेगाव ते सुलतानपूर

नाशिक रोडहून गाडी सुटली तेव्हा माझा डावा हात शालीखाली होता. जानेवारीची थंडी हे एक कारण. दुसरं कारण असं, की स्कूटरच्या अपघातानंतर त्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळत नाहीत. दोन्ही कायम ताठ असतात. समोरच्या प्रवाशाची नजर तिथे गेली की भुसावळपर्यंत त्या बोटांवरच बोलणं चालतं.

"गिटार आता विसरा," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वृत्तपत्राच्या डेस्कवर माझी बरीच वर्षं गेली आहेत. एकाच सूत्राच्या भरवशावर बातमी सोडायची सवय नाही. चौकशी केली. गिटारचा एक प्रकार मांडीवर आडवा ठेवून वाजवतात. आपल्याकडे त्याला हवाईयन गिटार म्हणतात. त्यात तारा बोटांनी दाबायच्या नसतात. डाव्या हातात स्टीलचा गुळगुळीत दांडा धरून तो तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. दांडा धरायला अंगठा आणि दोन बोटं पुरतात. तेवढी माझ्याकडे शिल्लक आहेत.

नव्या वाद्याची किंमत ऐपतीबाहेर होती. ती सांगून झाल्यावर नाशिकचा दुकानदार माझ्या हाताकडे पाहत म्हणाला, "मॅडम, त्यापेक्षा ऐकायला चांगला स्पीकर घ्या." मी बाहेर आले, आठ हजार रुपये बाजूला ठेवले, एका लेथवाल्याकडून स्टीलचा दांडा कापून घासून घेतला आणि जुन्या वस्तूंच्या जाहिराती पाहायला लागले.

साध्या गिटारच्या तारा पडद्यांपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) उंच उचलल्या, म्हणजे दांडा खाली आपटणार नाही इतक्या उंच, की तीही मांडीवर वाजते. बुलढाणा जिल्ह्यातल्या सुलतानपूरहून आलेल्या जाहिरातीतल्या फोटोत तारा आणि मान यांच्यामध्ये पेन्सिल जाईल एवढी फट दिसत होती. खाली लिहिलं होतं, "मान वाकली आहे, दुरुस्ती लागेल." मला दुरुस्ती नको होती, ती फट हवी होती. फोन केला. शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर या, असं उत्तर आलं.

बुधवारी दुपारी शेगावला उतरले. स्टेशनवर मावसभाऊ दिगंबर आला होता. देवळाच्या रस्त्यावर त्याचं छोटं लॉज आहे. बॅग उचलताच तो थबकला.

"ताई, यात काय दगड भरून आनले का वं?"

मी दांडा काढून दाखवला.

"हे त वजनमाप दिसते. याच्यानं गाणं निघते?"

"निघतं."

"अन् त्याच्यासाठी तू सुलतानपूरले चालली? लोणार तालुक्यात? अवं, शेगावात काय कमी हाय? चाल, दाखवतो."

कचोरी खाऊन आम्ही त्याच्या ओळखीच्या दुकानात गेलो. टाळ, मृदंग, वीणा आणि पेट्या छतापर्यंत रचल्या होत्या. गिटार दोनच होत्या, दोन्ही प्लायच्या आणि खेळण्यासारख्या हलक्या. घोडी (तारांच्या पट्टीला आधार देणारा लाकडी ठोकळा) बोटाने दाबली तर डब्याची वरची पाटी दबत होती. तारा उंच केल्या की घोडीवर ओढ वाढते. असली पाटी ती ओढ महिनाभरही सोसत नाही. मी मान हलवली. दुकानदाराने गुडघ्यावर हात मारला.

"मांडीवरच ठेवाचं हाय ना? मंग बेंजो घ्या की!"

बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवतात; भजनी मंडळांत आणि लग्नाच्या बँडमध्ये त्याला मोठा मान आहे. सुपारी तोंडात टाकत दुकानदार म्हणाला, "एका बोटानं वाजते, ताई. तुमाले त तीन हायेत."

अपघातापासून कुणी माझ्या हाताबद्दल आवाज न उतरवता बोललं असेल तर तो हा माणूस. मला त्याचा राग आला नाही.

"तीन आहेत," मी म्हणाले, "आणि तिन्ही वापरायची आहेत. बटणावर एक सूर, पुढच्या बटणावर दुसरा. मला या दोघांच्या मधला रस्ता हवाय."

"मंग शेगावात नाही भेटनार," तो म्हणाला आणि बेंजो परत कपड्यात गुंडाळला.

गुरुवारी शेगावात दर्शनाची गर्दी असते. दिगंबरला काउंटर सोडता येईना, म्हणून नांदुऱ्याला एकटीच गेले. पॅसेंजर गाडीने थोडाच वेळ लागतो. स्टेशनबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती आणि हवेत सरकीचा वास. दिगंबरने दिलेला पत्ता एका वयस्क गृहस्थांचा होता. तरुणपणी लग्नसमारंभांतल्या ऑर्केस्ट्रात ते गिटार वाजवत. त्यांच्याकडे असलेली गिटार जन्मतःच हवाईयन होती: मान चौकोनी, तारा उंच, कडेला शिंपल्याची नक्षी. किंमत त्यांनी बारा हजार सांगितली. मी वाद्य उजेडाकडे तिरपं धरलं. घोडीच्या पुढे पाटी खचली होती आणि मागे फुगली होती.

तेवढ्यात त्यांच्या पत्नीने चहा आणला. कप घेताना शाल सरकली. गृहस्थांनी हात पाहिला. आपला कप खाली ठेवून ते हलक्या आवाजात म्हणाले, "पैसे राहू द्या बाई. तुमच्याच्यानं आता काय वाजनार? घरात शोभेले ठेवा. घेऊन जा."

मी चहा संपवला, आभार मानले आणि वाद्य होतं तिथेच ठेवून निघाले. पाटी खचलेली होती हे खरं. पण क्रमही नोंदवायला हवा: मी उठले आधी, आणि खचलेली पाटी मला जिना उतरताना आठवली.

संध्याकाळी दिगंबरने कपाळाला हात लावला.

"फुकट भेटून राह्यलं होतं! अन् तू सोडून आली?"

"मी वाजवायला मागितलं होतं. शोभेला नाही."

"अन् उद्या सुलतानपुरात जमलं नाही त?"

"तर दुसरीकडे पाहीन."

"कवा पाह्यशीन? परवा त तुही गाडी हाय. तुहे पेपरवाले सुट्टी देऊन राह्यले का आनखी?"

ते देणार नव्हते. म्हणजे प्रश्न शुक्रवारवर आला होता. सुलतानपूरहून रिकाम्या हाताने परतले असते तर डॉक्टर, नाशिकचा दुकानदार आणि नांदुऱ्याचे गृहस्थ असे तिघेही बरोबर ठरले असते. ते मला मान्य नव्हतं.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीने खामगाव, तिथून दुसऱ्या बसने मेहकर. दोन्ही बाजूंना काढलेल्या तुरीचे ढीग आणि घाटे धरलेला हरभरा. रस्ता चढ-उताराचा होता. एका उतारावर ड्रायव्हरने ब्रेक मारला, पिशवी कलंडली आणि स्टीलचा दांडा सीटखालून थेट पुढे निघाला. कंडक्टरने उडी मारून पाय वाचवला. तिसऱ्या सीटवरच्या आजीबाईंनी तो चपलेखाली अडवला, उचलला आणि हातात तोलून पाहिला.

"हे कायचं होय वं माय?"

"गिटार वाजवायचं आहे, आजी."

"मले त वाटलं मसाला कुटाचं." त्यांनी दांडा पदराने पुसून माझ्या हातात दिला. "गुळगुळीत लय हाय. जपून ठेव. माह्या सुनेनं पाह्यलं असतं त दिलं नसतं वापस."

मेहकरच्या स्टँडवर आलुबोंडा आणि रस्सा घेतला (बटाटेवड्यावर तिखट रस्सा ओतून देतात). डोळ्यांतलं पाणी पुसेपर्यंत सुलतानपूरची बस लागली.

जाहिरात देणारे सलीमभाई सुतार आहेत. दारं, चौकटी, पलंग बनवतात. गिटार त्यांच्या मुलाची. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि ती पत्र्याच्या भिंतीला टेकून दोन उन्हाळे उभी राहिली. म्हणून मान वाकली. सलीमभाई दुकानाच्या पायरीवरच वाट पाहत होते.

"या ताई, या. तुमी एवढ्या लांबून येणार म्हनून म्या काम पूर्ण करून ठेवलं."

"कसलं काम?"

त्यांनी चादर काढली. गिटार पुसून चकचकीत केली होती. मान ओल्या फडक्याने शेकून, शिकंज्यात धरून सरळ केलेली. घोडीवरची पट्टी घासून खाली बसवलेली. तारा पडद्यांना जवळजवळ चिकटल्या होत्या. पेन्सिल सोडाच, पोस्टकार्डही जेमतेम गेलं असतं.

मी तारांखाली नख घालून फट चाचपली. सलीमभाईंना ते कौतुक वाटलं असावं.

"फोटोत लय खराब दिसत होती. असा माल देनं बरं नाही वाटत."

"सलीमभाई," मी म्हणाले, "मला ती खराबच हवी होती."

उंच तारा का लागतात ते समजावलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि हाताची घडी घातली.

"म्हंजी सरळ केलेली मान मी पुन्हा वाकवू?"

"हो."

"नाही होनार, ताई. पैसे देऊ नका, गिटार घेऊ नका, तुमची मर्जी. पन चांगलं झालेलं काम मी बिघडवनार नाही. उद्या कुनी विचारलं हे कुन्या सुताराचं, त काय सांगू?"

"मी कुणाला सांगणार नाही."

"मले त माहीत राहीन ना."

त्यांचा हट्ट मला समजत होता. तसलाच माझ्याकडेही होता. परतीची बस चारला होती. बोलून काही होणार नव्हतं. मी शाल काढून बाकावर ठेवली, गिटार मांडीवर आडवी घेतली आणि दांडा डाव्या हातात धरला. नांदुऱ्याच्या घरातला तो हलका आवाज आठवला. तसं काही इथे झालं तर उठायचं, हे ठरवलं होतं.

सलीमभाईंनी हात पाहिला. जवळ येऊन वाकून पाहिला.

"ही दोन वळत नाहीत?"

"नाहीत."

"मंग यांचं काय काम?"

"दांड्यामागे तारांवर टेकायची. नाहीतर मागची तार खरखरते. यात ती वळवायचीच नसतात, सपाटच ठेवतात."

"मंग बरोबर हायेत की," ते म्हणाले आणि मानेकडे वळले. हाताचा विषय तिथेच संपला.

दांडा तारांवर ठेवला. पहिल्या दोन पडद्यांवर खणखणाट झाला, तो अपेक्षित होता. पण पुढे मान जिथे संपते तिथपर्यंत सरकवत नेला तर खणखण सगळीकडे सारखीच, म्हणजे सरळ मानेवर फटही सगळीकडे सारखी. तेव्हा माझी चूक लक्षात आली. वाकलेल्या मानेवर तारा एका टोकाला उंच आणि दुसऱ्याला खाली राहिल्या असत्या. दांडा त्या खालच्या टोकाच्या पडद्यांवर आपटतच राहिला असता. मला वाकडी मान नको होती. मान सरळ, आणि तारा दोन्ही टोकांना सारख्या उंच, असं हवं होतं.

"मान राहू द्या," मी म्हणाले. "तुम्ही केली तशीच. फक्त या खुंट्यांकडच्या टोकाची आणि घोडीवरची, अशा दोन पट्ट्या उंच करा."

"मान तशीच?"

"तशीच."

"मंग आधी नाही का सांगायचं!" सलीमभाई उठलेच. जुन्या चौकटीतून निघालेला सागाचा तुकडा त्यांनी उचलला, बोटाने उंची मोजून मला विचारलं, "एवढं?" मी जरा वर दाखवलं. ते कापायला बसले. खाचा कुठे हव्यात ते मी पेन्सिलने आखलं. एक पट्टी पातळ झाली, ती त्यांनी न बोलता फेकून दिली आणि दुसरी कापली. मी दरम्यान पाटी दाबून पाहिली. भरीव होती, दबत नव्हती. खुंट्या घट्ट होत्या. मुलाने वाद्य निवडताना डोकं वापरलं होतं.

तारा चढवल्या आणि मोकळ्या छेडल्या तर एकत्र गोड लागतील अशा सुरांत लावल्या. दांडा टेकवला. षड्जापासून पंचमापर्यंत एका ओढीत सरकवला. आवाज न तुटता वर गेला. ताठ बोटं दांड्यामागे तारांवर सपाट पडली होती. खरखर नव्हती.

आतल्या खोलीतून सलीमभाईंच्या आईचा आवाज आला. "सलीम! दरवाजे कू तेल डाल रे! कब से कुरकुर कर रा!"

सलीमभाई भिंतीला टेकून हसले. "अम्मी, दरवाजा नहीं है, गिटार है! और मेरे दरवाजे कब कुरकुरे?"

"तो फिर बजाने कू सीखने बोल उनकू!"

सल्ला योग्य होता. दांडा सुराच्या किंचित खाली थांबला होता. मी पुन्हा सरकवला आणि पंचम गाठला. आतून काही ऐकू आलं नाही. मी ते मान्यता म्हणून धरलं.

किंमत जाहिरातीत होती तेवढीच, माझ्या आठ हजारांत बसणारी, त्यांनी घेतली. घासाघीस मी केली नाही, सूट त्यांनी दिली नाही. निघताना त्यांनी मानेच्या मागच्या बाजूला पेन्सिलने छोटी फुली मारली.

"हे काय?"

"माझं काम हाय ते. आता विचारू द्या कुनालेबी."

दिगंबरने रात्रीच्या जेवणाआधी ऐकायचा हट्ट धरला. लॉजच्या काउंटरवर रजिस्टर बाजूला सारून मी दोन ओळी वाजवल्या. एक सूर घसरला, एक लागला. चाव्या मागायला आलेले दोघे थांबले. दिगंबर म्हणाला, "अजून कच्चं हाय, ताई." मग थोड्या वेळाने, "पन हाय."

शनिवारी सकाळी परतीची गाडी. गिटार चादरीत बांधून मांडीवर आडवी घेतली होती. वर ठेवायला जागा होती, तरीही. शाल बॅगेत राहिली. नांदुरा गेलं, मलकापूर गेलं. समोरच्या बाकावर एक गृहस्थ येऊन बसले. त्यांनी गाठोड्याचा आकार न्याहाळला.

"गिटार का? कोण वाजवतं?"

"मी."

त्यांची नजर हातावर आली. दोन ताठ बोटं चादरीवर होती. मी हात हलवला नाही. ते पुढचा प्रश्न विचारतात का, याची वाट पाहिली. त्यांनी विचारला.

"काय काय वाजवता?"

"सध्या सा ते प," मी म्हणाले. "पुढचं शिकतेय."