वातीच्या स्टोव्हवरचं विमान

मधुसूदनला विमान चालवायला शिकवलं फ्लाइंग क्लबच्या चंपतरावांनी, आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं सदर भागातल्या त्यांच्या घरी, स्वयंपाकघरात.

गड्याला एकच खोड. उतरताना धावपट्टी दिसली रे दिसली की थ्रॉटल मागे ओढून इंजिनाचा जोर एकदम बंद! मग ते छोटं विमान धप्पकन खाली. चंपतराव कपाळाला हात लावायचे. शेवटी एका रविवारी त्यांनी त्याला घरी नेलं आणि बायकोच्या, म्हणजे यमुताईंच्या, वातीच्या स्टोव्हवर दूध ठेवायला लावलं. दूध वर आलं तशी मधुसूदननं चावी फिरवून वात झटक्यात खाली ओढली. स्टोव्ह विझला, घरभर रॉकेलचा वास.

"एकदम काहून ओढतं गा? हळूहळू उतरव. अन् चावीवरचा हात सोडू नोको!" चंपतराव ओरडले.

असे किती रविवार गेले! कधी दूध उतू, कधी पातेलं करपलेलं. यमुताई करवादायच्या, "पायलट होशील तवा होशील, माह्यं पातेलं करपवू नोको!"

पुढे त्र्याहत्तर साली मधुसूदन कपाशीवर फवारणी करणारं विमान चालवू लागला. कन्हान नदीपलीकडच्या एका गावात मुरमाची आखूड पट्टी होती, टोकाला नाला. अशा जागी विमान अगदी हळू आणावं लागतं, आणि तेव्हा त्याला हवेत धरून ठेवतं ते इंजिनच.

एका सकाळी तो तिथे तसाच हळू खाली येत होता, आणि पाहतो तर, पट्टीच्या तोंडाशी कमान! विमानवाला पाहुणा येणार म्हणून गावानं हौसेनं उभारलेली, बांबूची, आंब्याच्या पानांची. खाली आरतीची ताटं घेऊन बाया.

जुन्या सवयीनं हात थ्रॉटल मागे ओढायला निघाला. ओढला असता तर विमान त्या बायांवरच बसलं असतं. तेवढ्यात नाकाला रॉकेलचा वास आला. अहो, खरंच आला! त्यानं उलट थोडा जोर वाढवला. कमान चाकांखालून गेली, तसा त्यानं वात उतरवावी तसा जोर हळूहळू कमी केला. चाकं टेकली. ब्रेक लागले. नाला अगदी पुढ्यात राहिला.

तो उतरला तर गावातली म्हातारी जिजाबाई ओवाळायला हजर. "काहून गा, कमान आवडली नाही? वरूनच गेला!"

तो हसत होता आणि डोळे वाहत होते.

संध्याकाळी तो गावानं घातलेला हार घेऊन थेट सदरला आला. सगळं सांगून चंपतरावांच्या पायाशी वाकला. "सर, तुमच्यामुळे वाचलो. त्या बायाही वाचल्या."

चंपतरावांनी त्याला उठवलं. "मले काहून? स्टोव्ह तं तिचा होता."

आत यमुताई दूधच तापवत होत्या. मधुसूदननं हार त्यांच्या पायाशी ठेवला. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"लय दूध उतू घालवलं होतं गा तू माह्यं," त्या म्हणाल्या. "कामी आलं बाप्पा!"