पाकिटातच राहिलेला पेपर

मामीचा फोन आला तेव्हा मी न्हावा शेव्याच्या ऑफिसात एका कंटेनरचे कागद तपासत होते. "मामा गेले गं. झोपेतच. घाई करू नको, डबा खाऊन नीघ," मामी म्हणाली. मी खरंच डबा खाल्ला. अशा वेळी भूक लागू नये असं म्हणतात, पण मला लागली होती...

त्याला आता दीड महिना झाला. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, वाशीच्या एका कॉलेजात तीस वर्षं गणिताचे प्राध्यापक. मिठागरावर राबलेल्या आमच्या घराण्यात गणितात एम.एस्सी. झालेले ते पहिले, आणि गणितात तीनदा नापास झालेली पहिली मी. पोरं पाठ केलेल्या सिद्धता उतरवून सुटतात, ही मामांची जुनी तक्रार. विद्यार्थ्यांना विचार करायला लावणारा एक तरी पेपर आपल्या हातून निघावा, एवढंच त्यांना हवं होतं. वर्षानुवर्षं गठ्ठे तपासले, अभ्यास मंडळाच्या बैठकांना गेले, तेव्हा कुठे विद्यापीठाचं पत्र आलं की बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा पेपर तुम्ही काढा. आणि नेमकी त्याच वर्षी त्या परीक्षेला मी बसणार होते.

जवळचं कोणी परीक्षेला असेल तर पेपर काढता येत नाही. त्यांच्याबरोबरचे एक सर म्हणाले, "अहो, भाची ती. आडनाव वेगळं. कोणाला कळणार?" मामा म्हणाले, "आडनाव वेगळं आहे म्हणूनच कळवायला हवं." आणि नकाराचं पत्र टाकून आले.

मी नापास झाले. पुढच्या खेपेला पुन्हा नकाराचं पत्र, पुन्हा मी नापास. मामांची निवृत्ती जवळ येत चालली. आई एकदा सगळ्यांसमोरच म्हणाली, "तुज्यापायी दादा बसून हाय. पास हो, नायतर लगीन करून मोकली हो." मामांनी शांतपणे सांगितलं, "लग्नाचा उपयोग नाही. भाची ती भाचीच राहते."

रविवारी ते मला ऐरोलीला आपल्या घरी शिकवायला बोलवत. त्यांच्यासमोर सगळं कळायचं, दिघ्याला घरी पोचेपर्यंत निम्मं सांडलेलं असायचं. पेपराचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. शेवटी मीच म्हटलं, "मामा, मी परीक्षा सोडते. तुम्ही पेपर काढा." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग काढायचा कोणासाठी?" मग वही माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तिसरं उदाहरण घे."

चौथ्या खेपेला मी काठावर पास झाले. पेढा तोंडात टाकत मामांनी विचारलं, "धाकटा गणित घेणार नाही ना?" धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो कॉमर्सला जाणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. निवृत्तीआधी एकच परीक्षा उरली होती. तिचं पत्र आलं आणि मामांनी पेपर काढला.

पण तिघे जण वेगवेगळे पेपर काढून बंद पाकिटात देतात, त्यातला एक विद्यापीठ निवडतं. मामांचा निवडला गेला नाही. "एक तृतीयांश शक्यता होती," ते म्हणाले, आणि चहा मागितला.

कच्चे कागद त्यांनी तेव्हाच फाडून टाकले होते. पुढे वीस वर्षं मी विचारत राहिले, काय होतं त्यात?

"गोपनीय असतं ते."

"मामा, आता तो अभ्यासक्रमसुद्धा राहिला नाही."

"मी सही केली त्या हमीपत्रावर मुदत लिहिलेली नव्हती."

गेल्या रविवारी ऐरोलीला गेले. मामीने जेवणाच्या टेबलाशी, खिडकीकडच्या खुर्चीत बसवलं. म्हणाली, "इथेच बसून काढला तो पेपर. मला स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला सांगितलं होतं. मी आत भात लावत होते. दोनदा हसल्याचा आवाज आला बघ."

"कशाला हसले?"

"मी नाही विचारलं. गोपनीय ना."

मामी चहा ठेवायला आत गेली. दोनदा हसले, म्हणजे तसे दोन प्रश्न असणार... मला दोन्ही सुटले नसते, हे नक्की. चहा आला, निवला, तरी मी त्याच खुर्चीत होते. न सुटणाऱ्या प्रश्नापुढे पूर्ण तीन तास बसून राहायची मला सवय आहेच.