रुक्कूला कुणी रागवायचं नाही

आमच्या टीचर्स रूममध्ये खुर्च्या कमी आणि किस्से जास्त. कुणी निवृत्त झालं, कुणी बदलीवर गेलं, की खुर्ची रिकामी व्हायची, किस्से मात्र आम्हा उरलेल्यांच्या गळ्यात! गोऱ्या साहेबाच्या अमलात तंजावरला मुलींची शाळा, तिथं मी गणित शिकवायची. आता घरात माझं ऐकणारं कुणी नाही, म्हणून तुम्हाला धरलंय. बसा गप्प.

---

शिवण शिकवायची आमची सगुणाअक्का. एखादी मुलगी वर्गात डोळे पुसायला लागली, की तिला "काय झालं?" असं विचारायचं नाही, हा अक्काचा नियम. दोऱ्याचा गुंता पुढ्यात टाकायचा, "सोडव गे," म्हणायचं आणि आपलं काम करत बसायचं. हात गुंतले की पोरी आपोआप बोलायच्या.

एकदा इन्स्पेक्ट्रेस मॅडम सकाळीच टपकल्या. बघतात तर अक्का चांगल्या दोऱ्याचा मुद्दाम गुंता करत बसलेली!

"हे काय चाललंय?" मॅडमनी भुवया चढवल्या.

अक्का हात न थांबवता म्हणाली, "आज सोमवार आहे, मॅडम. पोरी रविवार घरी काढून येतात, सोमवारी जास्त लागतो!"

---

कमळीचं लग्न ठरलं, सासर पापनाशमचं. पोर बारा वर्षांची, रडून रडून डोळे सुजलेले. आमच्या हेडमिस्ट्रेस अंबूबाई तडक तिच्या वडलांकडं गेल्या. "गणित अर्धवट सोडून मुलगी पाठवाल? सासरी हसतील!"

वडील घाबरले. "किती राहिलंय?"

"ते गणिताच्या टीचरना विचारा."

मग काय! मी वर्षभर अपूर्णांकच शिकवले. बाकीच्या पोरी कंटाळून जांभया द्यायच्या, कमळी तेवढी खूश. शेवटी एक दिवस वडलांनीच विचारलं, "टीचरम्मा, हे अपूर्णांक पूर्ण कधी होणार?"

पुढं ती गेलीच. स्टेशनवर डब्यात चढताना हसत होती, ते मला अजून आठवतं. फार आठवतं हो! तिच्या बाकावर मी बरेच दिवस दुसरी मुलगी बसवली नाही.

---

आणि रुक्कू. तिरुवैयारूची, आपल्यातलीच, मराठी घरातली. आई गेली म्हणून मामानं तंजावरला आणली. शाळेत एक अक्षर बोलायची नाही, टिफिन खायची नाही. अक्काचे गुंते मुकाट सोडवून परत द्यायची. अक्का पहिल्यांदाच हरली.

अंबूबाईंनी हुकूम काढला, "रुक्कूला कुणी रागवायचं नाही!"

झालं! सगळ्या तिच्याशी इतक्या हळू बोलायला लागल्या, की बाकीच्या मुलींना वाटलं शाळेत कुणी आजारी आहे. ड्रिल टीचर तर शिट्टी वाजवायच्या आधी तिची परवानगी घ्यायची. मामाच्या घरीही तेच, कुणी आवाज चढवायचं नाही. पोर आणखीच मिटत चालली.

पोंगल झाल्यावर मामा शाळेत आले. "बाई, नाव काढून टाका. अशी मुकी बसायला शाळा कशाला?"

अंबूबाईंनी खूप विनवलं. शेवटी मामा म्हणाले, "एक शब्द इथं माझ्यासमोर बोलू दे. ठेवतो."

---

अंबूबाई तिला आणायला निघाल्या, मागून मी, सगुणाअक्का आणि मामा. शुक्रवार होता, मुली तेल लावून न्हाऊन आलेल्या. रुक्कू व्हरांड्यात गार फरशीवर बसलेली, ओले केस मोकळे, पाठ भिजून चिंब. डब्यातला सांबारभात कावळ्यांना घालत होती.

शाळेत इंग्रजी आणि तमिळशिवाय न बोलणाऱ्या आमच्या अंबूबाई, त्यांचा एकदम तोल गेला! स्वतःचा हुकूम गेला उडत, अस्सल घरचं मराठी बाहेर पडलं.

"काय गे हे ध्यान! केस ठिबकतायत, पाठ भिजलीय, आणि बसलीय फरशीवर! ताप आला तर कोण निस्तरणार? तुझा मामा? अन्न काय कावळ्यांसाठी शिजवलं? कार्टे, गिळ आधी! आणि इकडं पाठ कर, केस पुसू दे!"

अय्यो! आम्ही जागच्या जागी थिजलो. मामांचा चेहरा पांढरा. अक्कानं माझा दंड घट्ट धरला.

रुक्कूनं मान वर करून अंबूबाईंकडं बघितलं. मग तिनं मोठ्ठा घास तोंडात कोंबला, सरकत त्यांच्या पायांशी आली आणि पाठ केली. अंबूबाईंनी पदरानं खसाखसा केस पुसायला घेतले. त्यांचं तोंड आता बंद, डोळे भरलेले.

पुसणं थोडं हळू झालं, तशी ती भरल्या तोंडानं म्हणाली, "बाई, रागवा ना अजून."